बेदरची काळी माती

आमच्या आजीच्या माहेराहून आलेला एक पानाचा डबा आमच्या घरीं पुष्कळ वर्षें होता. रंगानें काळाभोर, हातांत घेतला असतां आकाराच्या मानानें जड, आणि त्या काळ्या अंगावर रुप्याची बारीक वेलपत्ती. उदगीर तालुक्यांतील आमच्या गांवीं त्यास ‘बिदरी’ असें कोणी म्हणत नसे; ‘काळा डबा’ एवढेंच त्याचें नांव. एके वर्षीं दिवाळीच्या आधीं घरांतील तांब्यापितळेचीं भांडीं चिंच, मीठ व राख लावून अंगणांत घांसावयास निघालीं, त्यांत हा डबाही गेला. संध्याकाळीं तो आंत आला तेव्हां वेलपत्ती लखलखत होती. परंतु ज्या काळ्यावर ती उठून दिसावयाची तें काळें मात्र नाहींसें झालें होतें. रुपें पांढरें, आणि खालची धातुही पांढुरकी. वेल कोठें आहे आणि कोठें नाहीं हें बोटांनीं चांचपूनच समजावें अशी स्थिति. आजी कांहीं बोलली नाहीं. तिनें डबा उलटासुलटा करून पाहिला व आपल्या पेटींत ठेवून दिला. त्यानंतर ती पितळी डब्यांतील पान खाऊं लागली.

तें काळें म्हणजे रंग असावा आणि घांसतांना तो निघून गेला असावा, अशी आमची त्या वेळची समजूत होती. पुढें इतिहास शिकतां शिकवतां कळलें कीं तो रंग नव्हता, लेप नव्हता, मुलामाही नव्हता. तें त्या धातूचेंच कातडें होतें. कारागिरानें तें तिच्या अंगावर वाढविलें होतें, आणि आमच्या घरच्यांनीं तें एका दुपारीं सोलून काढलें. धातूच्या पृष्ठभागावर असा पापुद्रा मुद्दाम वाढविण्याची विद्या आजच्या कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर चालते, व तिचा जन्म युरोपांत झाला असें पुस्तकांत लिहिलेलें असतें. तें खोटें नाहीं. परंतु आमच्या उदगीरपासून एका दिवसाच्या गाडीवाटेवर तीच गोष्ट निराळ्या मार्गानें निदान तीन-चारशें वर्षें चालत आलेली आहे, आणि तिच्याविषयीं आमच्या मराठी घरांतून फारसें कोणी बोलत नाहीं.

प्रत्येक धातूचें हवापाण्याशीं असलेलें नातें निराळें असतें. लोखंडावर जो तांबूस थर येतो तो भुसभुशीत. तो गळून पडतो, खालचें लोखंड पुन्हां उघडें पडतें, आणि अशा रीतीनें गंज लोखंडास खात जातो. तांब्यापितळेवर थर धरतो, पण आंबटापुढें तो टिकत नाहीं; म्हणूनच पितळेंत ठेवलेलें ताक कळकतें, आणि म्हणूनच आमच्या लहानपणीं कल्हईवाला दारीं येत असे. तापलेल्या भांड्यांत तो नवसागराची पूड टाकी, पांढरा धूर भसकन् वर येई, पोरें खोकत मागें सरत, आणि कापसाच्या बोळ्यानें कथील फिरविलें कीं भांडें आंतून रुप्यासारखें. पितळेवर हवेनें धरलेला पापुद्रा खाऊन टाकणें आणि कथलास निर्मळ जागा करून देणें, एवढेंच त्या नवसागराचें काम. हा नवसागर वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याची पुन्हां गांठ पडावयाची आहे, आणि तेथें तो अगदीं उलट काम करतांना दिसेल. सोन्यास मात्र यांपैकीं कोणताच व्याप नाहीं. नांदेड येथें गोदातीरीं, जेथें १७०८ सालीं गुरु गोविंदसिंहांचें देहावसान झालें, तेथें महाराजा रणजितसिंहांनीं १८३२ ते १८३७ या काळांत गुरुद्वारा बांधविला. त्याच्या घुमटावरील तांब्यास सोन्याचा मुलामा आहे. गोदावरीच्या काठीं इतके पावसाळे गेले तरी तें सोनें पिवळें तें पिवळेंच. कारण सोनें हवेशीं सोयरीकच करीत नाहीं.

ॲल्युमिनियमची गोष्ट मोठी विचित्र आहे. हवेशीं त्याचें इतकें सख्य कीं तें उघडें पडतें न पडतें तोंच प्राणवायूशीं संयोग पावतें; पण तो झालेला पापुद्रा इतका घट्ट बसतो कीं पुढें हवेस आंत जाण्यास वाटच राहत नाहीं. ही नैसर्गिक कवचाची जाडी किती म्हणाल, तर एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग कल्पिले असतां त्यांतील दोन-चार भागांएवढी. हें कवच विजेच्या साहाय्यानें जाड करतां येतें, ही गोष्ट जर्मनींत हाइनरिख बुफ याच्या ध्यानीं १८५७ सालीं आली. परंतु तेव्हां ॲल्युमिनियम ही राजेरजवाड्यांच्या मेजावरील चीज होती. १८८६ त अमेरिकेंत हॉल व फ्रान्समध्यें एरू या दोघां तरुणांनीं, एकमेकांस ठाऊक नसतां, ती विजेनें स्वस्त काढण्याची युक्ति शोधीपर्यंत त्या कवचाचा उपयोग कोणास सुचण्याचें कारण नव्हतें. उपयोग सुचविला तो विमानांनीं. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे भाग खाऱ्या पाण्यानें खराब होऊं लागले, तेव्हां १९२३ त इंग्लंडांत बेंगो आणि स्टुअर्ट यांनीं क्रोमिक आम्लाच्या द्रावणांत तो भाग धनाग्र म्हणून टांगून त्यावर जाड पापुद्रा वाढविण्याची रीत बसविली. १९२७ त गोअर व ओ’ब्रायन यांनीं त्याकरितां गंधकाम्ल वापरलें, आणि आज जगांत बहुतेक काम त्याच रीतीनें होतें. धनाग्रास इंग्रजींत ‘ॲनोड’ म्हणतात, त्यावरून या क्रियेस ‘ॲनोडायझिंग’ हें नांव पडलें. असा वाढविलेला थर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे नैसर्गिक कवचाच्या कित्येक सहस्रपट जाड असतो. तो मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणें सच्छिद्र असल्यामुळें त्यांत रंग मुरवितां येतो, आणि मग उकळत्या पाण्यांत धरला कीं छिद्रें मिटून रंग आंत कोंडला जातो. लातूरच्या बाजारांत अलीकडे ज्या काळ्या कढया व कुकर दिसतात, त्यांचें काळेपण याच जातीचें आहे. दुकानदार त्यास ‘कोटिंग’ म्हणतो. तें कोटिंग नव्हे. बाहेरून आणून चोपडलेला थर आणि धातूंतूनच उगवलेला थर यांत केसाळ टोपी आणि डोक्यावरचे केस यांच्याइतका भेद आहे.

आतां बेदरकडे वळूं.

बेदर म्हटलें कीं मराठी मनुष्यास प्रथम दामाजीपंत आठवतात. मंगळवेढ्याचीं कोठारें लुटविल्याबद्दल बादशहाचें बोलावणें आलें आणि विठू महाराच्या रूपानें पांडुरंगानें बेदरच्या दरबारांत मोहरांची थैली ओतली, ही कथा कीर्तनांतून घरोघर गेलेली आहे. ज्या बादशाहीची ही राजधानी, ती बहामनी सत्ता आधीं गुलबर्ग्यास होती. १४२२ त गादीवर आलेल्या अहमदशहानें ती बेदरच्या उंच, लाल मातीच्या पठारावर हलविली व तेथें जुन्या किल्ल्याच्या जागीं नवा, विस्तीर्ण किल्ला उठविला. पुढें महमूद गवान या इराणी वजिरानें १४७२ त तेथें प्रसिद्ध मदरसा बांधला, आणि १४८१ त त्याच बहामनी सुलतानानें त्याचा शिरच्छेद करविला. बहामनी राज्य फुटल्यावर बेदर बरीदशाहीकडे गेलें, १६१९ त विजापूरकरांकडे, १६५७ त औरंगजेबाकडे, आणि अठराव्या शतकांत निजामाकडे. इतके धनी पालटले. काळ्या धातूचें काम मात्र सर्वांच्या कारकीर्दींत चालू राहिलें असावें.

हें काम बेदरास कोणी आणलें याविषयीं परंपरा सांगते कीं अब्दुल्ला बिन कैसर नांवाचा इराणी कारागीर अहमदशहाच्या बोलावण्यावरून आला व त्यानें तें येथील लोकांस शिकविलें. परंपरेचा अनादर करण्याचें कारण नाहीं. परंतु आज निरनिराळ्या संग्रहालयांत जे जुने बिदरी नग आहेत ते सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या वा सतराव्या शतकाच्या मागें जात नाहींत, हें सांगितलें पाहिजे. शिवाय दुसरीही एक अडचण आहे. धातूच्या अंगांत रुप्यासोन्याची तार ठोकून बसविण्याची कला इराणांत होती खरी. पण ती पितळेवर आणि पोलादावर. बिदरीची धातु जस्त आहे, आणि जस्त हें हिंदुस्थानचें.

जस्ताच्या या हिंदी कुळीविषयीं थोडें विषयांतर केल्यास वाचक क्षमा करतील. तांबें, लोखंड, शिसें या धातु भट्टींत खालीं वितळून पडतात. जस्ताचें तसें नाहीं. त्याची धातुमाती जितक्या उष्णतेस फुटते तितक्या उष्णतेस जस्त पातळही राहत नाहीं, त्याची वाफ होते. ९०७ अंशांस तें उकळतें. ही वाफ हवेस मिळाली कीं जळून पांढरी राख होते, आणि भट्टीवाल्याच्या हातीं कांहीं लागत नाहीं. मेवाडांतील जावर येथें कारागिरांनीं वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या टांगून, वाफ खालच्या थंड भांड्यांत उतरविण्याची युक्ति योजिली, आणि त्या रिकाम्या मुशींच्या राशी आजही तेथें पडलेल्या आहेत. ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत ग्रंथांत या क्रियेचें वर्णन आहे. इंग्लंडांत ब्रिस्टल येथें विल्यम चॅम्पियन यानें जस्त काढण्याचें पेटंट १७३८ त घेतलें, व जर्मन रसायनज्ञ मारग्राफ याचा सुप्रसिद्ध प्रयोग १७४६ चा. म्हणजे युरोप ज्या काळीं जस्त कसें काढावें हें शिकत होता, त्या काळीं बेदरच्या कारागिरानें त्याच धातूचा हुक्का घडवून, काळा करून, त्यावर अफूचीं फुलें रुप्यानें फुलविलीं होतीं. तेव्हां इराणाकडून नक्षी व ठोकण्याची सफाई आली असेल. पण ज्या धातूवर ती उमटली ती व तिचें काळेपण येथलें, असें आमचें मत आहे.

काळ्यावर पांढरें उठविण्याची हौस त्या शहरास होती याचा आणखी एक पुरावा किल्ल्यांतच आहे. तेथील रंगीन महालांत काळ्या दगडांत मोत्याच्या शिंपल्याचे तुकडे बसवून वेलबुट्टी केलेली आहे. दुपारचें ऊन तिरपें आलें म्हणजे दगड अधिकच काळा होतो आणि शिंपलें गुलाबी-हिरवें चमकूं लागतें. त्या भिंतीसमोर उभे असतां आम्हांस आजीचा डबा आठवला, आणि या शहरांतील पाथरवट व तारकशीवाले यांनीं एकमेकांचें काम खास पाहिलें असलें पाहिजे असें वाटलें.

आतां कृति. सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबें, अशा सुमाराच्या प्रमाणानें धातु वितळवितात. प्रत्येक कारखान्याचें प्रमाण किंचित् कमीजास्त असतें. सांचा बारीक मातीचा, तींत राळ व एरंडेल तेल मळलेलें. ओतीव नग बाहेर आला म्हणजे कानशीनें साफ करून त्यावर मोरचुदाचें पाणी फिरवितात. त्यानें तो तात्पुरता काळसर होतो. हेतु इतकाच कीं छिन्नीची पांढरी रेघ त्यावर नीट दिसावी. शाळेंतील पाटी-पेन्सिलीचीच ही युक्ति आहे. मग कारागीर पायांत नग धरून, मनांतील नक्षी हातानें थेट कोरीत जातो. कोरलेल्या चरांत रुप्याची तार बसविली तर ती तारकशी. पत्र्याचे तुकडे खोबणींत ठोकले तर तहनिशान. आणि रुप्याच्या पत्र्यालाच जाळी पाडून तो वर चढविला, म्हणजे नक्षी काळी व भूमि पांढरी, असें झालें तर आफताबी. ठोकणें संपल्यावर सर्व नग घांसून गुळगुळीत करतात, त्या वेळीं मोरचुदाचा काळिमा निघून जातो. या क्षणीं तो नग अगदीं आमच्या दिवाळीच्या डब्यासारखा, पांढऱ्यावर पांढरा, निस्तेज दिसतो. महिनाभराची मेहनत त्यांत गेलेली असते आणि डोळ्यांस कांहीं दिसत नाहीं.

यानंतरची क्रिया कांहीं मिनिटांची आहे. किल्ल्याच्या जुन्या इमारतींतून, जेथें वर्षानुवर्षें ऊनपाऊस पोहोंचलेला नाहीं अशा जागेची माती आणून ती नवसागराबरोबर पाण्यांत कालवितात व तें पाणी उकळतें ठेवितात. नग किंचित् ऊन करून त्यांत बुडविला, फिरविला, कीं जस्ताचा भाग पाहतां पाहतां काळा होतो आणि रुपें जसेंच्या तसें राहतें. मग धुऊन, पुसून, तेल चोळलें कीं काम झालें.

येथें नवसागराची ती दुसरी भेट. कल्हईवाल्याच्या हातीं जो पापुद्रा खातो, तोच बिदरीवाल्याच्या हातीं पापुद्रा धरवितो! याचें कारण आम्हांस आमच्या एका रसायनाच्या सहाध्यापकांनीं विजेरीचा जुना सेल फोडून दाखविलें. सेलचें बाहेरचें डबडें जस्ताचें असतें, आणि जुन्या जातीच्या सेलांत आंतला ओला लगदा नवसागराचा. लेक्लांशे या फ्रेंच गृहस्थानें १८६६ त जी विजेची बॅटरी केली तिचेंच हें वंशज. जस्त, दुसरा एखादा अधिक सुस्त पदार्थ आणि नवसागराचें पाणी एकत्र आलीं कीं जस्त झिजूं लागतें व वीज वाहूं लागते. बिदरीच्या धातूंत जस्ताच्या कणांमध्यें तांबें मिसळलेलें आहे. तेव्हां नवसागराच्या उकळत्या पाण्यांत त्या नगाच्या पृष्ठभागावर अशा असंख्य इवल्या बॅटऱ्या एकाच वेळीं चालूं होतात. जस्त विरघळत जातें, तांब्याचा अंश वरच्या थरांत दाट होतो, आणि मातींतील क्षारांच्या साहाय्यानें दोहोंचा मिळून काळा थर अंगास घट्ट बसतो. ॲनोडायझिंगमध्यें वीज बाहेरून आणावी लागते. येथें ती धातूच्या पोटांतच आहे. दोन्ही क्रिया एक नव्हेत, पण त्यांचें भाऊबंदकीचें नातें नाकारतां यावयाचें नाहीं. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेनें १९८० नंतरच्या दशकांत जुन्या बिदरी नगांची जी परीक्षा केली, तींत तांब्यावांचून हें काळें येत नाहीं, निव्वळ जस्त नुसतें करडें होतें, असें आढळलें. आमच्या सहाध्यापकांनीं सेलच्या डबड्याचा तुकडा नवसागर व सोरा यांच्या पाण्यांत उकळून पाहिला. तो शेवटपर्यंत करडाच राहिला. तांबें मिसळून ओतलेला तुकडा मात्र काळा झाला. फार चांगला झाला असें म्हणवत नाहीं. कोठें गडद, कोठें तपकिरी, पावसांत भिजलेल्या छत्रीसारखा. पण झाला.

तेव्हां किल्ल्याच्या मातीचें माहात्म्य कोठें राहिलें? मातींत सोरा असतो, आणि सोऱ्यानें काम भागतें, हें तर प्रयोगांनीं दिसतें. जेथें जनावरें बांधलीं, माणसें राहिलीं, आणि पावसानें धुऊन नेलें नाहीं, अशा जुन्या वस्तीच्या मातींत व भिंतींत सोरा धरतो. आमच्याकडे भिंतीस लोणा लागला म्हणतात त्याच जातीचा हा प्रकार. सोरा हाच बंदुकीच्या दारूचा मुख्य घटक, आणि बेदरच्या इतिहासांत दारूचा धूर पुष्कळ आहे. १६५७ च्या वेढ्यांत दारूच्या कोठारास आग लागून किल्लेदार सिद्दी मरजान प्राणांतिक जखमी झाला आणि म्हणून किल्ला पडला; १६९६ त दारूच्याच स्फोटानें महमूद गवानच्या मदरशाचा मोठा भाग उडाला. ज्या बुरुजांत दारू सांठविली त्याच बुरुजांची माती पुढें रुप्याच्या फुलांस काळी भूमि देत आली, ही कल्पना मनास मोहविते. ती कल्पनाच आहे, तिला आम्ही इतिहास म्हणत नाहीं. कारण सोरा धरावयास दारूची आवश्यकता नसते, गोठा पुरतो.

परंतु ‘सोऱ्यानें भागतें’ म्हणजे ‘मातीची गरज नाहीं’ असें आम्ही प्रथम समजलों, त्यांत आमची चूक झाली. ती सुधारली बेदरच्या एका म्हाताऱ्या कारागिरानें. आजीचा डबा तिच्या पश्चात् आमच्याकडे आला होता. तो घेऊन आम्ही गतवर्षीं पावसाळा संपल्यावर बेदरास गेलों.

बेदर आमच्या आजोबांच्या पिढीस परमुलूख नव्हता. निजामी राजवटींत उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तिन्ही तालुके बेदर जिल्ह्यांत मोडत. कोर्टाची तारीख, जमिनीची नक्कल, लग्नाचें कापड, सर्व कांहीं बेदरास. विकाराबाद-परळी लोहमार्गानें सकाळीं जावें आणि रात्रीं परतावें. सप्टेंबर १९४८ त निजामी संपली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजीं त्या जिल्ह्याचे तीन वांटे झाले. कानडी भाग म्हैसूर राज्यांत गेला, तेलुगु भाग आंध्रांत, आणि आमचे तीन तालुके मुंबई राज्यांत, उस्मानाबाद जिल्ह्यांत. तेथून १६ ऑगस्ट १९८२ रोजीं ते नव्या लातूर जिल्ह्यांत आले. भाषावार प्रांतरचना आम्हांस इष्टच वाटते, तिच्याकरितां आमच्या वडिलांनीं मोर्चे काढलेले आहेत. तथापि तिचा एक परिणाम असा झाला कीं जी वस्तु आमच्या आजीच्या माहेरीं रोजच्या वापराची होती, ती आमच्या मुलांस ‘कर्नाटकची हस्तकला’ म्हणून प्रदर्शनांत पाहावी लागते. २००६ सालीं बिदरीस भौगोलिक निर्देशांक मिळाला तोही कर्नाटकाच्या नांवें, आणि तें योग्यच आहे, कारण कारागीर तेथें आहेत. शाह रशीद अहमद कादरी या बेदरच्या बिदरी कलावंतांस २०२३ त पद्मश्री मिळाली तेव्हां आमच्या महाविद्यालयांतील अध्यापकांच्या खोलींत तें वर्तमान एका ओळीचें झालें. उदगीरचे दोघे तेथें बसले होते. त्यांपैकीं एकासही आपल्या घरीं बिदरी नग आहे कीं नाहीं हें सांगतां आलें नाहीं.

कलेचे चांगले दिवस मात्र या वांटणीच्या फार पूर्वीं सरले होते. बिदरीचा खरा आश्रयदाता हुक्का. हुक्क्याची बैठक, पानदान, उगालदान, हात धुवावयाची चिलमची व आफताबा हा दरबारी व सरदारी घरांतील सरंजाम. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनांत बिदरीची वाहवा झाली ती याच वस्तूंमुळें. हुक्क्याची जागा बिडी-सिगारेटनें घेतली आणि कारागीर फुलदाण्या, कागदाचीं वजनें, रक्षापात्रें व कोटाचीं बटणें करूं लागले. १८८८ त त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनीं हिंदी कलाकौशल्यावर जो ग्रंथ लिहिला त्यांत बिदरीचा समावेश आहे. आज जुने उत्तम नग पाहावयाचे तर हैदराबादचें सालारजंग म्युझियम किंवा लंडनचें व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. रुप्याचा भाव चढला कीं तार बारीक होते, हें कारागीर स्वतःच सांगतात.

आम्ही ज्याच्याकडे गेलों त्याचें दुकान एका गल्लींत, उंबऱ्यावरच नेहाईचा दगड. त्यानें डबा हातांत घेऊन प्रथम वास घेतला. ‘इमली?’ एवढाच प्रश्न केला. आम्हीं मान हालविली. आम्हीं आमच्या सहाध्यापकांच्या प्रयोगाची हकीकत सांगितली. सोरा व नवसागर यांचीं प्रमाणेंही, कांहींशा अभिमानानें, कागदावर लिहून नेलीं होतीं. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें. मग एका डब्यांतून चिमूटभर माती काढून जिभेच्या टोकावर ठेविली, क्षणभर डोळे मिटले आणि दुसऱ्या डब्यांतील माती घेतली. ‘प्रोफेसर साब, जबान पे रखे तो मालूम होता. आंख को नक्को पूछो.’ एका खोलीची माती खारट, दुसरीची तुरट, एकीनें काळें येतें पण उद्यां उडतें, दुसरीनें येतें तें राहतें. सोरा बाजारांत मिळतो हें त्याला ठाऊक होतें, त्यानें तो वापरूनही पाहिला होता. त्यानें काळें येई, पण त्या काळ्यावर हात फिरविला तर ‘मखमल नहीं आती’. आम्हीं आमचा कागद खिशांत घातला. रसायनशास्त्रानें कारण सांगितलें आहे, त्यांत शंका नाहीं. परंतु कोणत्या खोलीची माती, किती ऊन पाणी, आणि नग कोणत्या क्षणीं बाहेर काढावयाचा हें ज्या जिभेला व हातांना ठाऊक आहे, त्यांची संख्या आतां फार नाहीं. त्याच्या दोन मुलांपैकीं एक मोटारींच्या गॅरेजांत आहे, दुसरा दुबईस. त्याबद्दल तो तक्रार करीत नव्हता. आम्हीं विचारलें म्हणून सांगितलें.

त्यानें डबा वाळूनें घांसला, दोन ठिकाणीं उखडलेली तार परत ठोकली, आणि पाणी उकळावयास ठेवलें. पाणी दिसावयास साधें गढूळ. पकडींत धरून डबा त्यांत सोडला, एकदां फिरविला, दुसऱ्यांदां फिरविला. वर आला तेव्हां आजीची वेलपत्ती चाळीस वर्षांनीं पुन्हां आपापल्या जागीं होती. आम्हीं कांहीं बोलूं शकलों नाहीं. त्यानें खोबरेल तेलाचें बोट फिरविलें व डबा आमच्या हातीं देऊन मजुरी सांगितली. ती इतकी थोडी होती कीं आम्हीं दुप्पट देऊं केली, आणि त्यानें ती घेतली नाहीं.

घरीं आल्यावर उजेडांत नीट पाहिलें. झांकणाच्या बिजागरीपाशीं एक वाटाण्याएवढा ठिपका तसाच पांढरा राहिला आहे. केव्हां तरी बिजागरी निखळली असतां आमच्या गांवच्या कल्हईवाल्यानें तेथें कथलाचा डाख दिला होता.